शंभर मैल पुढे: बोस्टनहून फिलाडेल्फियापर्यंत पाच दिवस

माझी एक जुनी मैत्रीण गेली अकरा वर्षे बोस्टनमध्ये राहते. या वर्षी तिला फिलाडेल्फियातील एका प्रयोगशाळेतून नोकरीचे बोलावणे आले आणि होकार की नकार हे कळवायला थोड्याच दिवसांची मुदत होती. मी न्यू जर्सीत एडिसनला, म्हणजे फिलाडेल्फियापासून तास-सव्वा तासाच्या अंतरावर, बरीच वर्षे राहते आहे, त्यामुळे “तू सांग, जाऊ का?” हा प्रश्न तिने मला विचारणे साहजिक होते. मी क्षणाचाही विचार न करता “ये” म्हणाले आणि फोन ठेवल्यावर मात्र अस्वस्थ झाले. तो ‘ये’ तिच्या भल्यासाठी होता की ती माझ्या जवळ राहायला येईल या आनंदापोटी होता, हे मला माझे मलाच सांगता येईना.

माझे वडील सांगलीत एका छापखान्यात जुळारी होते. छपाईचे खिळे जुळवणाऱ्या पोरापासून अमेरिकेचा राजदूत होईपर्यंत मजल मारलेल्या बेंजामिन फ्रँकलिनची गोष्ट आम्ही भावंडांनी त्यांच्या तोंडून कितीतरी वेळा ऐकली होती. १७२३ मध्ये सतरा वर्षांचा फ्रँकलिन याच दोन शहरांमधला प्रवास एका वृद्ध मुद्रकाच्या सल्ल्यावरून करून गेला. तोच मार्ग आपण दोघी मिळून, सलग आणि सावकाश, जाऊन पाहू असे मी मैत्रिणीला सुचवले. सोमवारी तिला उत्तर द्यायचे होते, म्हणून आम्ही बुधवारी निघालो.

पहिला दिवस, बुधवार: बोस्टन

मिल्क स्ट्रीटवर फ्रँकलिनचा जन्म झाला त्या जागी आज उभ्या असलेल्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर त्याचा अर्धपुतळा आहे, तर तिच्यासमोरच ओल्ड साउथ मीटिंग हाउस आहे. तेथून कोर्ट स्ट्रीट चालत काही मिनिटांवर आहे. त्या रस्त्याला तेव्हा क्वीन स्ट्रीट म्हणत आणि थोरला भाऊ जेम्स याचा छापखाना तेथे होता. बेंजामिन बाराव्या वर्षी या छापखान्यात उमेदवार म्हणून लागला. एकविसाव्या वर्षापर्यंत भावाकडेच काम करायचे असा करार होता. जेम्सने १७२१ मध्ये ‘न्यू इंग्लंड कूरंट’ हे वृत्तपत्र काढले, त्यातील मजकुरावरून सरकारने त्याला महिनाभर तुरुंगात ठेवले आणि पुढे त्याच्या नावाने पत्र छापण्यावर बंदी घातली, तेव्हा पत्र धाकट्या भावाच्या नावाने निघू लागले. त्यासाठी जुना करार रद्द झाल्याचे वरवर दाखवून आतून एक नवा, गुप्त करार करण्यात आला. भाऊ मारहाण करी, आणि गुप्त करार तो उघडपणे दाखवू शकणार नाही हे बेंजामिनला ठाऊक होते, म्हणून तो काम सोडून निघाला. तेव्हा जेम्सने गावातल्या एकेका छापखान्यात जाऊन याला काम देऊ नका असे सांगून ठेवले.

शहर सोडण्याचे खरे कारण मैत्रिणीला येथे प्रथम नीट कळले असावे. बोस्टन वाईट होते म्हणून तो गेला नाही. अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींमधले ते तेव्हाचे सर्वांत मोठे गाव होते आणि तेथे तीन वृत्तपत्रे निघत होती. पण त्याच्या कामाची सगळी दारे एका माणसाने बंद केली होती. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “माझी दारे कोणी बंद केलेली नाहीत. मी फक्त कंटाळले आहे.” मी काही बोलले नाही, पण हे वाक्य मी वहीत टिपून ठेवले.

जॉन कॉलिन्स नावाचा फ्रँकलिनचा जिवलग मित्र होता. वाचनाचे वेड असलेले हे दोघे तरुण वाद घालण्यासाठीही एकमेकांना शोधत. त्या मित्राने न्यूयॉर्कच्या एका गलबताच्या कप्तानाला खोटीच हकिगत सांगून फ्रँकलिनला गुपचूप जहाजावर चढवून दिले. वाटखर्चासाठी फ्रँकलिनने आपली काही पुस्तके विकली. कॉलिन्सचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण या प्रवासातील सर्वांत अवघड गोष्ट त्याची आहे.

दुसरा दिवस, गुरुवार: आगगाडीतून न्यूयॉर्क

फ्रँकलिनला समुद्रमार्गे तीन दिवस लागले, आम्हाला साउथ स्टेशनवरून चार तास. ऱ्होड आयलंड आणि कनेक्टिकटमध्ये गाडी बराच काळ किनाऱ्याजवळून धावते. ब्लॉक आयलंड गाडीतून दिसत नाही, पण ते त्याच दिशेला समुद्रात आहे. तेथेच वारा पडून गलबत खोळंबले होते आणि खलाशांनी कॉड मासे पकडून तळायला घेतले होते. फ्रँकलिन त्या काळात शाकाहारी होता, मासे मारणे ही विनाकारण हत्या आहे असे मानत होता. माशांची पोटे चिरताना आत लहान मासे निघालेले पाहून त्याने आपल्या मनाची समजूत घातली आणि पोटभर जेवला. एकदा मनात इच्छा आली की तिला अनुरूप कारण माणसाला नेहमीच सापडते, हे त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे.

न्यूयॉर्कला उतरल्यावर आम्ही खालच्या मॅनहॅटनमध्ये पर्ल स्ट्रीटवर गेलो. विल्यम ब्रॅडफर्ड हा न्यूयॉर्कचा पहिला मुद्रक येथे व्यवसाय करीत असे. तो आधी पेनसिल्व्हेनियाचा पहिला मुद्रक होता. तेथील क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या समाजातल्या एका वादात सापडून त्याला शहर सोडावे लागले आणि १६९३ मध्ये तो न्यूयॉर्कला आला. म्हणजे ज्याला सल्ला विचारायचा तो स्वतःच एकदा शहर बदललेला होता. ओळख नाही, शिफारसपत्र नाही, खिशात जेमतेम पैसे, अशा अवस्थेत हा पोरगा त्याच्यासमोर उभा राहिला. ब्रॅडफर्डकडे काम नव्हते. पण त्याने सांगितले की फिलाडेल्फियात माझ्या मुलाचा छापखाना आहे, त्याचा मुख्य कामगार अक्विला रोझ नुकताच वारला आहे आणि तू तेथे गेलास तर तो तुला ठेवून घेईल असे मला वाटते. शहर अजून शंभर मैल पुढे होते.

या सल्ल्याविषयी मी रात्रभर विचार केला. त्यात फिलाडेल्फियाची स्तुती नाही, न्यूयॉर्कची निंदा नाही. कोणाकडे जायचे, तेथे जागा का रिकामी आहे आणि अंतर किती, एवढेच आहे. ‘मला वाटते’ हा शब्दही आहे, म्हणजे खात्री तो देत नाही. मी फोनवर दिलेल्या ‘ये’मध्ये यातले काहीच नव्हते.

संध्याकाळी ट्रिनिटी चर्चच्या आवारात ब्रॅडफर्डच्या थडग्याजवळ आम्ही थोडा वेळ उभ्या राहिलो. वॉल स्ट्रीटवरचे लोक कामावरून घरी परतत होते.

तिसरा दिवस, शुक्रवार: खाडी, वादळ आणि पर्थ अँबॉय

फ्रँकलिनने आपली पेटी समुद्रमार्गे मागून पाठवण्याची व्यवस्था केली आणि तो एका लहान बोटीने अँबॉयकडे निघाला. वादळाच्या झोताने कुजकी शिडे फाटली, बोट खाडीत शिरण्याऐवजी लाँग आयलंडच्या किनाऱ्याकडे ढकलली गेली. वाटेत दारूच्या नशेत पाण्यात पडलेल्या एका डच प्रवाशाला फ्रँकलिनने केसांना धरून वर ओढले. बोटीवर एका घाणेरड्या रमच्या बाटलीखेरीज खायला-प्यायला काही नव्हते आणि असे ते तीस तास पाण्यावर होते.

आम्ही स्टेटन आयलंडची फेरीबोट घेतली. तिला भाडे नाही आणि ती साधारण पंचवीस मिनिटांत पलीकडे पोचते. तेथून बेटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत, टॉटनव्हिलपर्यंत, छोटी रेल्वे जाते. शेवटच्या स्थानकावर उतरले की आर्थर किल या चिंचोळ्या खाडीपलीकडे पर्थ अँबॉय अगदी समोर दिसते. ‘किल’ हा डच लोकांनी ठेवलेला शब्द आहे. समोर दिसणाऱ्या गावाला जायला मात्र आता फेरीबोट नाही, ती १९६३ मध्ये बंद झाली. आम्हाला भाड्याची गाडी करून पुलावरून वळसा घालावा लागला. कोकणात खाडीवर पूल होण्याआधी तरीची वाट पाहत बसलेल्या माणसांची मला आठवण झाली. येथे पुलाने अंतर कमी केले, पण पायी चालणाऱ्याची वाट मात्र नाहीशी केली.

पर्थ अँबॉयमध्ये एक विटांचा जुना वाडा आहे, त्याला प्रोप्रायटरी हाउस म्हणतात. आम्हाला तो बाहेरूनच पाहायला मिळाला. फ्रँकलिनचा मुलगा विल्यम इंग्लंडच्या राजाने नेमलेला न्यू जर्सीचा गव्हर्नर होता आणि १७७४ पासून तो या वाड्यात राहत होता. वसाहती आणि इंग्लंड यांच्या संघर्षात बाप वसाहतींच्या बाजूला गेला, मुलगा राजाच्या. १७७५ मध्ये बापाने त्याची समजूत घालण्याचा प्रयत्न केला, तो फळाला आला नाही, आणि पुढच्या वर्षी विल्यमला अटक झाली. फ्रँकलिनने आपल्या आत्मचरित्राचा पहिला भाग १७७१ मध्ये याच मुलाला उद्देशून लिहायला घेतला होता. म्हणजे वादळात अँबॉयला पोचल्याची, त्या रात्री ताप भरल्याची, भरपूर थंड पाणी पिऊन घाम फुटल्यावर तो उतरल्याची हकिगत ज्याला सांगितली, तोच मुलगा पुढे त्याच गावात राहायला आला आणि तेथेच बापाला कायमचा दुरावला. मैत्रिणीचा मुलगा आठवीत आहे. तिने वाड्यासमोर उभे राहूनच त्याला फोन केला आणि तू या बदलाविषयी काय म्हणतोस हे कोणीच तुला विचारले नाही, असे ती त्याला म्हणाली. तो काय म्हणाला ते मी विचारले नाही.

रात्री आम्ही एडिसनला माझ्या घरी मुक्काम केला. ओक ट्री रोडवरून येताना तिने पोहे आणि भाजणी घेतली. या भागात मराठी बोलणारी माणसे पुष्कळ आहेत, येथे आल्यावर एकटे वाटणार नाही, असे सांगायला मी तोंड उघडले आणि थांबले, कारण तिची नोकरी एडिसनला नव्हती.

चौथा दिवस, शनिवार: बोर्डनटाउन आणि बर्लिंगटन

अँबॉयहून बर्लिंगटन पन्नास मैल. फ्रँकलिन ते पायी चालला. पहिल्या दिवशी सतत पाऊस पडला, दुपारपर्यंत तो पुरता भिजून थकला आणि एका गरीब खाणावळीत थांबला. घर सोडले ते चुकलेच असे त्याला तेथे वाटू लागले. त्याची दशा पाहून लोकांनी हा मालकाकडून पळालेला नोकर असावा असा संशय घेतला आणि पकडले जाण्याची भीती खरी होती. येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पळालेल्या नोकरांच्या आणि गुलामांच्या शोधासाठी त्या काळच्या वृत्तपत्रांत जाहिराती येत. ब्रॅडफर्डच्या मुलाच्या पत्रात त्या येत आणि पुढे खुद्द फ्रँकलिनच्या पत्रातही आल्या. करार मोडून पळालेला गोरा मुलगा संशयातून सुटून पुढे नामांकित झाला. त्याच रस्त्यावरून पळणाऱ्या काळ्या माणसाला मात्र शहर बदलण्याचा सल्ला देणारा कोणी वृद्ध मुद्रक भेटणार नव्हता.

माझ्या यजमानांनी आम्हाला गाडीने बोर्डनटाउनला सोडले. दुसऱ्या रात्री फ्रँकलिन बर्लिंगटनच्या आठ-दहा मैल अलीकडे, डॉक्टर ब्राउन नावाच्या वाचनप्रेमी माणसाच्या खाणावळीत राहिला होता. बोर्डनटाउन साधारण तेवढ्याच अंतरावर आहे. या गावात अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्या थॉमस पेन या लेखकाचे घर होते आणि त्याचा पुतळाही आहे. त्याचा आमच्या विषयाशी जवळचा संबंध आहे. १७७४ मध्ये लंडनमध्ये फ्रँकलिनने पेनला फिलाडेल्फियाला जाण्यास उत्तेजन दिले आणि आपला जावई रिचर्ड बॅश याच्या नावे चिठ्ठी दिली. तिच्यात त्याने पेनसाठी मोठे काही मागितले नाही, तर कारकून, शाळेतला साहाय्यक शिक्षक किंवा मोजणीदाराचा मदतनीस असे एखादे काम मिळवून द्यावे, म्हणजे ओळखी होईपर्यंत त्याला पोट भरता येईल, एवढेच सुचवले. पेन जहाजावर तापाने इतका आजारी पडला की त्याला उचलून किनाऱ्यावर आणावे लागले, पण हातात ती चिठ्ठी होती. पुढल्या वर्षी तो तेथे एका मासिकाचे संपादन करू लागला. पन्नास वर्षांपूर्वी आपल्याला मिळालेला सल्ला फ्रँकलिन विसरला नव्हता, असे मला ही चिठ्ठी सांगते.

बोर्डनटाउनहून बर्लिंगटनला रिव्हर लाइन नावाची हलकी रेल्वे जाते. फ्रँकलिनही शनिवारीच बर्लिंगटनला पोचला होता. नेहमीच्या बोटी नुकत्याच सुटल्या होत्या आणि पुढची मंगळवारी होती. ज्या म्हातारीकडून त्याने वाटेत खायला आल्याचा गोड पाव घेतला होता, तिच्याकडेच तो परत गेला आणि काय करावे ते विचारले. तिने त्याला घरात राहायला सांगितले, जेवू घातले आणि मोबदल्यात फक्त बिअरचा एक पेला घेतला. हा मुद्रक आहे असे कळल्यावर, याच गावात राहून छापखाना काढ, असा सल्लाही दिला. छापखान्याला किती भांडवल लागते याची तिला कल्पना नव्हती, असे फ्रँकलिन लिहितो. पण १७२८ मध्ये तो न्यू जर्सीचे कागदी चलन छापण्यासाठी, स्वतः तयार केलेले तांब्याच्या पत्र्याचे छपाईयंत्र घेऊन, याच बर्लिंगटनला आला आणि सुमारे तीन महिने राहिला. या म्हातारीच्या घराविषयी गावात जुनी परंपरा आहे आणि सतराव्या शतकातले एक घर लोक दाखवतात. मला ते घर तेच आहे की नाही याचे फारसे महत्त्व वाटले नाही. अनोळखी, भिजलेल्या मुलाला सल्ल्याबरोबर जेवणही देणारी एक बाई या गावात होती, एवढे मला पुरे होते.

संध्याकाळी डेलावेअर नदीच्या काठावर आम्ही बराच वेळ बसलो. अशाच संध्याकाळी काठावर फिरताना त्याला फिलाडेल्फियाकडे जाणारी एक बोट मिळाली होती. काठावर बसूनच मी मैत्रिणीला कॉलिन्सची उरलेली गोष्ट सांगितली.

नवीन शहरात जाऊन सात महिने झाल्यावर, १७२४ मध्ये, फ्रँकलिन बोस्टनला परत आला. अंगावर नवा पोशाख, खिशात घड्याळ आणि जवळपास पाच पौंडांची चांदीची नाणी. भावाच्या कामगारांसमोर त्याने नाणी पसरून दाखवली आणि त्या शहराची, तेथल्या आपल्या सुखी आयुष्याची भरभरून स्तुती केली. कॉलिन्स तेव्हा टपाल कचेरीत कारकून होता. हे वर्णन ऐकून त्यानेही फिलाडेल्फियाला जायचे ठरवले. त्याची गणिताची आणि विज्ञानाची पुस्तके फ्रँकलिनने आणायची आणि दोघांनी न्यूयॉर्कला भेटायचे, असे ठरले. भेट झाली तेव्हा कॉलिन्स दारूच्या आणि जुगाराच्या आहारी गेलेला होता. मित्राचा खर्च फ्रँकलिनने केला, एका गृहस्थाने वसूल करायला सांगितलेल्या पैशांतूनही त्याला उसने दिले आणि ही आयुष्यातली एक मोठी चूक होती असे पुढे मान्य केले. फिलाडेल्फियात कॉलिन्सला कोणी कामावर घेईना. एकदा याच नदीवर वल्ही मारायला तो तयार होईना, तेव्हा फ्रँकलिनने त्याला पाण्यात ढकलले. शेवटी तो बार्बाडोसला शिकवणीच्या नोकरीवर निघून गेला, पैसे पाठवीन म्हणाला आणि पुन्हा त्याची खबर लागली नाही.

दारूचा दोष फ्रँकलिनचा नव्हता. पण बोस्टनला त्याने मित्रासमोर ठेवली ती फक्त चांदीची नाणी होती. पावसातला पहिला दिवस आणि घर सोडल्याचा पश्चात्ताप त्याने कॉलिन्सला सांगितला होता का, हे मला विचारावेसे वाटते. मी मैत्रिणीला म्हणाले, “गेल्या अकरा वर्षांत मी तुला माझ्या इकडच्या आयुष्यातल्या चांगल्या गोष्टीच सांगितल्या आहेत.” आणि मग ज्या सांगितल्या नव्हत्या त्या सांगितल्या: येथे आल्यावर पहिली दोन वर्षे मला नोकरी नव्हती, आणि आई गेली तेव्हा मला वेळेवर पोचता आले नाही.

पाचवा दिवस, रविवार: फिलाडेल्फिया

फ्रँकलिनच्या बोटीला वारा नव्हता, सगळे वल्ही मारत होते. मध्यरात्र झाली तरी शहर दिसेना, तेव्हा ते किनाऱ्याला लागले, जुन्या कुंपणाच्या फळ्या पेटवून थंडीत शेकत बसले. उजाडल्यावर कळले की ती कूपरची खाडी आहे आणि शहर थोडेच पुढे आहे. ती खाडी आजच्या कॅमडेनमध्ये डेलावेअरला मिळते. आम्ही रेल्वेने कॅमडेनला उतरलो आणि बेंजामिन फ्रँकलिन पुलाच्या पादचारी मार्गावरून नदी पायी ओलांडली. वाऱ्याने बोलता येत नव्हते.

तोही रविवारीच, सकाळी आठ-नऊच्या सुमाराला मार्केट स्ट्रीटच्या धक्क्यावर उतरला. बेकरीत त्याने बोस्टनचा नेहमीचा पाव मागितला, तो मिळेना, तेव्हा तीन पेनीचे जे असेल ते दे म्हणाला आणि हातात तीन मोठे फुगीर पाव आले. येथे स्वस्ताई किती आहे हे त्याला असे कळले. दोन पाव काखेत धरून, तिसरा खात तो चालला, उरलेले दोन त्याने बोटीतल्या एका बाईला आणि तिच्या मुलाला दिले. मग स्वच्छ कपड्यांतल्या लोकांमागून क्वेकरांच्या सभागृहात जाऊन बसला आणि तेथेच झोपी गेला. उठल्यावर एका क्वेकर तरुणाने त्याला एक खाणावळ टाळायला आणि वॉटर स्ट्रीटवरची दुसरी धरायला सांगितले. नव्या गावात सर्वांत उपयोगी सल्ला बहुधा असाच छोटा असतो.

सोमवारी तो ब्रॅडफर्डच्या मुलाकडे, अँड्र्यूकडे, गेला. ती जागा भरली गेली होती. पण वृद्ध ब्रॅडफर्ड घोड्यावरून आधीच तेथे येऊन पोचला होता. आपली माहिती शिळी निघाली तरी तो गप्प बसला नाही, तर फ्रँकलिनला घेऊन स्वतः कायमर नावाच्या दुसऱ्या मुद्रकाकडे गेला. कायमर त्या वेळी अक्विला रोझवरचे शोकगीत कागदावर न लिहिता थेट खिळ्यांत जुळवत होता. मार्केट स्ट्रीटवर फ्रँकलिनच्या घराच्या जागी आता फक्त पोलादी सांगाडा आहे, तो पाहून आम्ही शेजारच्या जुन्या छापखान्याच्या प्रात्यक्षिकाला गेलो. जुळाऱ्याच्या हातातली स्टिक आणि त्यात उलट्या बसणाऱ्या ओळी पाहून मला वडिलांची शिशाने काळी पडलेली बोटे आठवली. तेही एका ओळखीच्या माणसाच्या शब्दावर गाव सोडून सांगलीला आले होते आणि तो माणूस पहिल्या दिवशी त्यांच्याबरोबर छापखान्याच्या दारापर्यंत आला होता.

उतारवयात, १७८४ मध्ये, पॅरिसजवळ राहत असताना फ्रँकलिनने अमेरिकेत येऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक छोटी पुस्तिका लिहिली. येथे माणूस कोण आहे हे विचारत नाहीत, त्याला काय करता येते हे विचारतात. जमीन स्वस्त आहे आणि मजुरी महाग, म्हणून कष्टाळू कारागिराचे भले होईल. मोठे कुळ आणि मानाची जागा यांच्या आशेने येणाऱ्याने येऊ नये. कॉलिन्सला अशी पुस्तिका मिळायला हवी होती असे मला वाटत राहिले.

फ्रँकलिनच्या थडग्यापाशी लोकांनी टाकलेल्या नाण्यांचा खच पडला होता. तेथे मैत्रिणीने पुन्हा विचारले, “आता काय सांगशील?” मी माझा आधीचा ‘ये’ मागे घेतला. प्रयोगशाळेच्या कामातले मला काही कळत नाही आणि शहरातली भाडी मी गेल्या पाच वर्षांत विचारलेली नाहीत, हे तिला सांगितले. एका ओळखीच्या बाईंचे घर शहराच्या पश्चिम भागात रिकामे आहे एवढेच मला ठाऊक होते. मी तेथूनच त्यांना फोन लावला. घर आठवड्यापूर्वीच भाड्याने गेले होते. त्यांनी त्याच गल्लीतले आणखी एक घर सांगितले. मैत्रीण बसचे वेळापत्रक पाहू लागली, मी म्हणाले, मीही येते. अर्ध्या तासाने आम्ही त्या दारात उभ्या होतो. आतून एका वयस्क बाईंनी कडी काढली, आणि मैत्रिणीने पहिला प्रश्न विचारला तो भाड्याचा नव्हता, येथून आठवीतला मुलगा शाळेला एकटा कसा जाईल, हा होता.